सपाट जमिनीवरच्या दोन स्कूटर

माझ्या हातून कुणाचे मोठे काम झाले असेल तर ते एकदाच, आणि तेही वजन म्हणून. स्कूटरच्या मागच्या सीटवर मी चार दिवस गप्प बसून राहिलो, एवढेच. त्याबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पण काटेकोरांबद्दल लिहायचे म्हणजे एखादा आकडा चुकला तर ते कागद खाली आणून देतील, या धाकाने राहून गेले.

काटेकोर हे त्यांचे खरे नाव नव्हे. आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी दुसऱ्या. चौतीस वर्षे ते वजनमापे तपासण्याच्या खात्यात होते. दुकानादुकानात जाऊन तराजू आणि मापे तपासायची, बरोबर असतील त्यांना तारेत ओवलेला शिशाचा शिक्का लावायचा, नसतील ती जप्त करायची. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी ते बाजारातून चालू लागले की दोन्ही बाजूंचे दुकानदार उगाचच तराजू पुसायला घेतात.

त्यांच्या घरात कुठलीही नवी वस्तू आधी दोन येतात. मग त्यांचे मोजमाप होते आणि एक परत जाते. इस्त्री अशीच आली, शिडी अशीच आली. एकदा भिंतीवरची दोन घड्याळे महिनाभर शेजारी शेजारी टांगलेली होती. वहिनी म्हणतात, त्या महिन्यात घरात किती वाजले हे कुणालाच माहीत नव्हते.

वहिनी म्हणजे काटेकोरांची पत्नी. टेकडीवरच्या शाळेत एकोणीस वर्षे त्या ग्रंथालय सांभाळतात. पूर्वी बस थेट शाळेच्या फाटकाशी जायची. गेल्या वर्षी बसचा मार्ग बदलला आणि ती टेकडीच्या पायथ्याशीच थांबू लागली. तिथून वर चढण. वहिनींचा उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता, त्याने आता उघड बंड पुकारले. दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागायचा. सकाळी पहिल्या तासाची मुले ग्रंथालयाच्या बंद दाराशी उभी राहायची. अखेर मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतले आणि गोड शब्दांत सांगितले, की सोमवारपर्यंत काय ते कळवा, दुसऱ्या एक बाई यायला तयार आहेत. वहिनींच्या नोकरीची अजून दोन वर्षे उरली होती. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, घरी बसायला माझी ना नाही. पण घरी हे असतात."

तेव्हा विजेवर चालणारी स्कूटर घ्यायचे ठरले. वहिनी लग्नाआधी मोपेड चालवायच्या, त्यामुळे शिकायचा प्रश्न नव्हता. घोडे अडले ते 'कोणती' या एका शब्दावर.

स्टेशनच्या रस्त्यावर दोन दुकाने समोरासमोर आहेत. दोन्हीकडे एकेक स्कूटर होती आणि दोघी जुळ्या बहिणींसारख्या: तोच राखाडी रंग, तोच गोल दिवा, तीच काळी सीट, किंमतही जवळजवळ तीच. एक दुकानदार म्हणाला, समोरच्यांनी आमची नक्कल केली आहे. समोरचा म्हणाला, तो हे सगळ्यांना सांगतो. काटेकोरांनी दोघांकडून एकेक गाडी सोमवार संध्याकाळपर्यंत मागून आणली. दुसऱ्या कुणाला अर्धा तासही गाडी मिळाली नसती. पण दोन्ही दुकानदारांचे वडील किराणा विकायचे.

गुरुवारी सकाळी खाली आवाज आला म्हणून मी उतरलो, तर काटेकोर दोन्ही स्कूटरवरची नावे चिकटपट्टीने झाकत होते. मला पाहून म्हणाले, "शेजारी, बरं झालं आलात. नाव वाचलं की माणूस पक्षपाती होतो. कोणती कुठल्या दुकानाची, ते तुम्ही चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मी विचारलं तरी सांगू नका."

मग ते चौकात पाठ करून उभे राहिले. मी चाचपडत दोन्ही गाड्यांच्या जागा बदलल्या, एकीच्या आरशाला त्यांनी दिलेली कोऱ्या शिशाची गोळी तारेने बांधली आणि चिठ्ठी लिहिली. शिशाची गोळी असलेली ती पहिली, नसलेली ती दुसरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खरेच विचारले, कोणती कुठली. मी सांगितले नाही, तेव्हा शाबास म्हणाले. माझ्या नोकरीत मला कुणी शाबास म्हटल्याचे आठवत नाही.

मोजमापासाठी मागे एक माणूस हवा होता. काटेकोरांनी मला वर नेऊन स्वतःच्या काट्यावर उभे केले. बासष्ट किलो चारशे ग्रॅम. आकडा वहीत लिहून झाल्यावर त्यांनी मला नियम सांगितले. मागे बसल्यावर हलायचे नाही, कूस बदलायची नाही, बोलायचे तर मुळीच नाही. बोलणारा माणूस हातवारे करतो आणि हातवाऱ्याने तोल बदलतो. वजनाने बोलायचे नसते. मला हे जमण्यासारखे होते. आयुष्यभर मी तेच करत आलो होतो.

आता खरी गोष्ट. वजनमापाच्या धंद्यातला पहिला धडा असा, की काटा ठेवायची जागा आधी सपाट हवी. जागा तिरकी तर माप खोटे. काटेकोरांच्या पिशवीत पाणसळ कायम असते, म्हणजे ती गवंड्यांची पट्टी, जिच्यातल्या नळीत बुडबुडा असतो आणि जागा सपाट असेल तर तो बरोबर मध्ये थांबतो. गुरुवारी ती पाणसळ घेऊन आम्ही अर्धे शहर फिरलो. हा रस्ता नको, इथे एका बाजूला उतार आहे. तो नको, तिथे बुडबुडा केसभर सरकतो. अखेर घाऊक बाजाराचे मागचे आवार मिळाले. सिमेंटचे, दुपारी रिकामे, आणि इतके सपाट की काटेकोरांनी बुडबुड्याकडे कौतुकाने पाहिले.

तिथे आम्ही फेऱ्या मारल्या. किती ते मला वहीत पाहून सांगता येईल, पण वही त्यांच्याकडे आहे. खडूने रेघ मारायची, तिथे ब्रेक दाबायचा, गाडी कुठे थांबली ते फीत धरून मोजायचे. एका चार्जमध्ये किती अंतर जाते ते पाहायचे. कमीत कमी किती जागेत वळते ते पाहायचे. पहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मी मागे बासष्ट किलो चारशे ग्रॅम. शुक्रवारी जेवून आलो तर त्यांनी मला पुन्हा काट्यावर उभे केले आणि रात्रीपर्यंत जेवू नका म्हणाले.

शुक्रवारीच, पन्नासाव्या फेरीच्या आसपास, माझ्या मनात आले, की वहिनींना तर टेकडी चढायची आहे. पण एवढा अनुभवी माणूस, त्याला हे सुचले नसेल का? काहीतरी कारण असेल. शिवाय वजनाने बोलायचे नव्हते.

शनिवारी वहिनी आवारात आल्या आणि म्हणाल्या, मला एकदा चालवून पाहू द्या. काटेकोर म्हणाले, मोजमाप पुरे होऊ दे, मधेच चालवणारा बदलला तर सगळे आकडे वाया जातील. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी गाडीवर बसलेला असल्याने हललो नाही.

रविवारी संध्याकाळी निकाल लागायचा होता. मी वर गेलो तेव्हा काटेकोर वहीसमोर डोके धरून बसले होते. पहिली एका चार्जमध्ये एकाहत्तर किलोमीटर, दुसरी सत्तर. ब्रेक दाबल्यावर पहिली चार मीटर दहा सेंटिमीटरवर थांबली, दुसरी चार मीटर बारावर. वळायला दोघींना तेवढीच जागा. दोन्ही पारडी समान. दुसऱ्या कुणी सुटकेचा श्वास टाकला असता, पण त्यांना हे संशयास्पद वाटत होते. दोन वस्तू इतक्या सारख्या नसतातच, म्हणाले. फरक असणारच, आपले माप कमी पडते आहे. अजून एक आठवडा लागेल.

वहिनी चहाचे कप घेऊन आल्या होत्या. कप त्यांनी टेबलावर ठेवले, अगदी हळू.

"उद्या सोमवार आहे," त्या म्हणाल्या.

"घाई करून चालत नाही."

"मला पाहायला आलात तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाला होतात."

काटेकोरांनी वहीवरून मान वर केली. मग म्हणाले, "तेव्हा मी खात्यात नवीन होतो."

मी चहा न पिताच खाली आलो.

सोमवारी सकाळी सव्वासातला माझ्या दारावर थाप पडली. काटेकोर सदऱ्याची बटणे वरखाली लावून उभे होते. "ती गेली," म्हणाले. क्षणभर मला भलतेच वाटले. मग कळले, की वहिनी पहिली स्कूटर काढून शाळेला निघाल्या होत्या. फाटकाजवळ पहिली उभी होती म्हणून पहिली, एवढाच त्यांचा निवाडा. काटेकोरांनी पिशवी खांद्याला लावली, मला दुसरीवर बसवले आणि आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी माझे वजन केले नाही.

टेकडीचा रस्ता मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे घरांच्या मागच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे. चढण अशी, की मी आपोआप मागच्या बाजूला घसरत होतो आणि त्यांचा सदरा धरून होतो. आमची गाडी कण्हत होती, पण चढत होती.

शाळेचे फाटक चढणीच्या ऐन मध्यावर आहे. तिथे पहारेकरी प्रत्येकाला थांबवून रजिस्टरवर सही घेतो. गाडीवरच्यांना उतरावे लागू नये म्हणून तो रजिस्टर हातात आणून देतो. त्याला वाटते ही सोय आहे. आम्ही वर पोचलो तेव्हा वहिनी फाटकाशी थांबलेल्या होत्या. त्यांनी डाव्या हातात रजिस्टर घेतले, उजव्या हातात पेन घेतले, आणि दोन्ही ब्रेक सुटले. गाडी मागे निघाली. वहिनींनी उजवा पाय टेकला, तोच दुखरा, आणि त्यांचा चेहरा पाहून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पहारेकऱ्याने मागच्या चाकाला आपला बूट लावलेला होता. रजिस्टर रस्त्यावर पडले होते. मागे शाळेच्या तीन शिक्षिका आणि एक रिक्षा खोळंबली होती.

"रोज मी बूट कुठून लावू, बाई?" पहारेकरी म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरेच विचारत होता.

वहिनी फाटकातून आत, शाळेच्या इमारतीकडे पाहत होत्या. मला वाटले, त्या आता आत जातील आणि मुख्याध्यापिकांना सांगतील, की त्या दुसऱ्या बाईंना बोलवा.

काटेकोरही तसेच गाडीवर बसून होते. एरवी सतत चालणारे त्यांचे हात मांडीवर पडले होते. दोन्ही हात. माझे लक्ष त्या हातांकडे गेले, मग ब्रेककडे, मग खाली चाकाकडे. वजनाने बोलायचे नसते हे मला ठाऊक होते. पण माझ्या तोंडून निघून गेले.

"साहेब, आपली हलली नाही."

"काय?"

"तुम्ही ब्रेक सोडलाय. आपण चढावर आहोत. दोघं बसलोय. आपली हललेली नाही."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले, जणू ते दुसऱ्याचे आहेत. वहिनींनी वळून आमच्या चाकाकडे पाहिले. गाडी पहारेकऱ्याच्या हाती देऊन त्या लंगडत आमच्यापाशी आल्या.

"उतरा," त्या म्हणाल्या. "दोघंही."

आम्ही उतरलो. वहिनी दुसरीवर बसल्या. चार हात पुढे गेल्या, थांबल्या, दोन्ही हात वर केले. गाडी जागच्या जागी; चढावर थांबली की ती स्वतःच चाक धरून ठेवत होती. पुन्हा पुढे, पुन्हा थांबल्या, पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा त्यांनी पहारेकऱ्याकडून रजिस्टर मागून घेतले आणि नेहमीपेक्षा जरा मोठी सही केली. खोळंबलेला रिक्षावाला म्हणाला, बाई, पेन तरी द्या, आम्हालाही सही करू द्या. मग वहिनी आत गेल्या. जाताना मागे वळून म्हणाल्या, मुख्याध्यापिकांना मी सांगते, दोन वर्षं कुठं जात नाही म्हणून.

काटेकोरांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि रस्त्यावर ठेवली. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन बसला. ते उकिडवे बसून कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत मी अशा जागेवर एकही माप घेतलेलं नाही."

मी म्हणालो, शुक्रवारी माझ्या मनात आले होते.

"मग बोलला का नाहीत?"

थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच आठवले असावे, कारण ते हसायला लागले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिले नव्हते. त्यांना ते नीट जमतही नाही.

परतताना आम्ही पहिली ब्रेक दाबून दाबून उतरवली. घरी आल्यावर त्यांनी माझी चिठ्ठी मागितली. मी लिहिले होते, 'शिसे बांधलेली डावीकडच्या दुकानाची.' पण डावीकडचे म्हणजे कुठून येताना, ते लिहायचे राहिले होते. काटेकोरांनी चिठ्ठीची चार वेळा घडी घातली, ती वहीत ठेवली आणि पहिलीवरची चिकटपट्टी सोलून नाव वाचले. ती त्या संध्याकाळी तिच्या दुकानी परत गेली.

जाण्यापूर्वी त्यांनी तिच्या आरशाची शिशाची गोळी सोडवली आणि शाळेतून परतलेल्या दुसरीला बांधली. या वेळी पकडीने घट्ट दाबून, खात्यात बांधायचे तशी. वहिनी पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होत्या. काटेकोरांनी त्यांना विचारले, की तीन वेळा थांबून पाहिल्यावर तुझी खात्री पटली, ती कशावरून? चौथ्यांदा का नाही पाहिले?

"गुडघ्याला विचारलं," वहिनी म्हणाल्या. "तो म्हणाला, पुरे."

काटेकोरांनी वही उघडली, ब्रेकच्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली आणि वर 'गुडघा' असे लिहिले. मग मला म्हणाले, उद्या सकाळी उपाशीपोटी या, चढावरचं सगळं पुन्हा मोजायचं आहे.