दाराशी अडलेलं वाक्य

नाटक मंडळीत त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणत. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की पुढचे दोन शब्द असे सोडायचे की त्याला ऐकू यावेत, पण पहिल्या रांगेला नाही. आयुष्यभर हेच केल्यामुळे घरातही त्यांचा आवाज चढत नसे. बायको हयात असताना म्हणायची, "तुमच्याशी भांडण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, निदान आवाज तरी होतो."

अशा थंड माणसाच्या जिवाला हल्ली घोर लागला होता. चालू नाटकात त्यांची मुलगीच नायिका होती आणि जावई नायक. खरंखुरं जोडपं रंगमंचावरही नवरा-बायको, म्हटल्यावर तिकिटं हातोहात खपत. शेवटच्या प्रवेशात बायको बॅग उचलते, दारापर्यंत जाते, थांबते, मग वळून म्हणते, "कुठे जाणार मी? माझं सगळं इथंच आहे." नवरा हात पुढे करतो आणि पडदा पडतो. एवढंसं वाक्य, पोपटालाही पाठ व्हावं. आणि मुलगी नेमकी तिथेच अडायला लागली होती. आधी क्षणभर, मग बघणाऱ्याचा श्वास कोंडेल इतकी. काका घाईघाईने शब्द सोडत, तेव्हा कुठे ती वळे.

पोटच्या पोरीची चारचौघांत शोभा व्हायची वेळ! दुपारपासूनच काकांचं कशात लक्ष लागेना. चहा गार होई, चष्मा कपाळावर असताना ते टेबलाखाली शोधत. तिला समोर बसवून त्यांनी वाक्य घोकून घेतलं. तिने ते बिनचूक म्हणून दाखवलं, आणि प्रयोगात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गंमत म्हणजे प्रेक्षक त्याच जागेवर फिदा होते. एकदा प्रयोगानंतर एक प्रौढ बाई मेकअप रूमबाहेर रेंगाळत होत्या. काका दिसताच म्हणाल्या, "ती दाराशी थांबली ना, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हटलं, आज जाते ही."

"अहो, ती रोजच परत येते," काका हसले.

"येते हो. पण आज तिला यायचं नव्हतं. तुम्ही कुठे बसला होतात?"

"विंगेत."

"मग तुम्हाला तिचा चेहरा दिसला नसणार."

बाई निघून गेल्या आणि काका तिथेच खिळले. खरंच होतं. दाराशी तिचं तोंड प्रेक्षकांकडे असे, विंगेकडे पाठ. तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांना जे दिसत होतं, ते हाताच्या अंतरावर बसलेल्या बापाला दिसत नव्हतं. बाप पुस्तकात बघत होता.

त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. मागे एका दुपारी ती बॅग घेऊन माहेरी आली होती. "बाबा, घरी तो माझ्याशी बोलतच नाही," ती म्हणाली होती. "भांडण नाही, मारहाण नाही. नुसता गप्प. आम्ही बोलतो ते फक्त नाटकात." काकांनी तिच्यासाठी चहा टाकला होता आणि समजुतीच्या सुरात म्हणाले होते, "अगं, कुठे जाणार तू? तुझं सगळं तिथंच आहे." जिभेवर तयारच होतं ते. खुद्द लेकीला त्यांनी नाटकातलं वाक्य दिलं होतं! तिने चहा तसाच ठेवला आणि बॅग उचलून गेली. त्यानंतरच ती अडायला लागली. हे आठवलं तसे काका अंथरुणात उठून बसले. स्वतःची लाज वाटली त्यांना, अगदी रडू येईल इतकी.

पुढच्या प्रयोगाला ते स्टुलावर टेकलेच नाहीत. विंगेत येरझारा घालत राहिले. शेवटचा प्रवेश आला. मुलगी दाराशी गेली आणि थांबली. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही. काकांचे ओठ सवयीने उघडले, ते त्यांनी घट्ट मिटून घेतले.

"काका, द्या की!" पडदेवाला दबक्या आवाजात कळवळला.

जावई वाक्याआधीच हात पुढे करून उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. बायको दारात उभी असताना तो तिच्याकडे बघत नव्हता. वाक्य कधी येतंय म्हणून तो विंगेकडे बघत होता.

काकांनी बॅटरी विझवली.

मुलगी दाराबाहेर पडली. जावयाचा हात तसाच हवेत राहिला. "पाड," काका पडदेवाल्याला म्हणाले, आणि पडदा पडला. आधी चिडीचूप, मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सेटच्या फळ्या थरथरल्या. लोकांना वाटलं, नवा शेवट बसवलाय.

काका धडपडत सेटच्या मागे गेले. ती अंधारात बॅग धरून उभी होती.

"बाबा, वाक्य का नाही दिलंत?"

"आधी दिलं, तेच चुकलं माझं. त्या दुपारी. आज तू सांग. मी ऐकतो."

पलीकडे लोक तिला बाहेर बोलावत होते. तिने श्वास घेतला.

"मला त्याच्या घरी परत जायचं नाही."

"बरं," काका म्हणाले, आणि बॅग तिच्या हातातून आपल्या हातात घेतली.