यादी हलली, पत्ता तोच

"जाधव साहब, आपका सॉफ्टवेअर हमारे बेअरिंग खा गया."

खन्ना हे गुडगावच्या त्या कारखान्याचे कॉम्प्युटर मॅनेजर. ते हे स्टोअरच्या सगळ्या माणसांसमोर बोलले आणि माणसं हसली. बेअरिंगचा नवा माल आल्याची एन्ट्री केली की स्क्रीनवर आकडा बरोबर दिसायचा, पण छापलेल्या रिपोर्टात तो नसायचा. "पाँच बजे तक ठीक कीजिए, नहीं तो हम बाहरवाला पॅकेज ले लेंगे."

परदेशी कंपन्यांना देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी पॅकेजचा सेल्समन बाहेर सोफ्यावर चहा पीत बसला होता. आमची कंपनी सहा जणांची. हे काम गेलं असतं तर कुलूपच लावावं लागलं असतं.

मी भडकलो. "मशीन तुमचं खराब आहे," असं हिंदीत ठणकावलं. दिल्लीत कालकाजीच्या आमच्या ऑफिसात हाच प्रोग्रॅम महिनाभर नीट चालला होता. माझ्याकडे डिग्री नाही, म्हणून 'डिप्लोमावाल्याचा माल' म्हणत खन्ना पहिल्या दिवसापासून नाक मुरडत होते, तो रागही होताच.

वृषाली केळकर आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. ती भांडणात पडली नाही. सगळा कोड छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन वाचत बसली. दोन तासांनी म्हणाली, "सर, मशीन बिल्कुल ठीक आहे. रिअ‍ॅलॉक बघा."

कॉन्ट्रॅक्ट मिळवताना मीच छाती ठोकून सांगितलं होतं की नवी मेमरी घ्यावी लागणार नाही. म्हणून प्रोग्रॅम आधी थोडीच जागा मागायचा आणि मालाची यादी वाढली की ती वाढवून घ्यायचा. सी भाषेत या वाढवून घेण्याला रिअ‍ॅलॉक म्हणतात.

"बाबांना बढती मिळाली की आम्हाला मोठं क्वार्टर मिळायचं," ती म्हणाली. "शेजारची खोली रिकामी असेल तर भिंत पाडून तीच द्या, असं नाही व्हायचं. सगळं सामान दुसऱ्या ब्लॉकला. रिअ‍ॅलॉक दोन्ही करतं. शेजारी जागा असली तर तिथेच वाढवतं, नाहीतर यादी उचलून दुसरीकडे नेतं आणि नवा पत्ता देतं. आपल्या मशीनवर शेजारी जागा होती. इथे नाही. आणि आपला कोड अजून जुन्या क्वार्टरच्या पत्त्यावरच टपाल टाकतोय."

म्हणजे नव्या मालाची नोंद यादीत घातली की यादी हलायची, आणि बेअरिंगचा आकडा तिच्या सोडलेल्या जागी लिहिला जायचा. स्क्रीन तोच जुना पत्ता वाचायची, रिपोर्ट मात्र नव्या जागेवरून छापला जायचा.

"हे कोणी लिहिलंय?" मी ओरडलो.

"तुम्ही, सर."

मग मी माझ्या स्वभावावर गेलो. "सुरुवातीलाच भरपूर जागा मागून ठेव. यादी हलणारच नाही. आज सही घेऊ, बाकी नंतर."

"आणि ती भरली की? पुढच्या वर्षी पुन्हा हेच. चलो, तासभर द्या."

मी अर्ध्या तासावर आणायचा प्रयत्न केला. ती एक मिनिटही सोडेना.

तिनं पत्ता जपून ठेवणं बंद केलं. यादीतली कितवी नोंद, एवढंच लक्षात ठेवायचं आणि दर वेळी नव्यानं शोधायचं. पण मला खरी मान झुकवावीशी वाटली ती पुढच्या गोष्टीसाठी. तिनं चाचणीपुरता बदल करून प्रत्येक नव्या नोंदीला यादी मुद्दाम दुसरीकडे हलवली. कुठे जुना पत्ता उरला असेल तर तो लगेच उघडा पडावा म्हणून. असे आणखी दोन निघाले. दोन्ही माझेच.

पाचला दहा मिनिटं असताना रिपोर्ट छापला. बेअरिंग जुळले. खन्नांनी सही केली आणि माझ्यादेखत विचारलं, "मॅडम, आप हमारे यहाँ क्यों नहीं आ जातीं?"

"यहाँ मशीन को गाली देनेवाला कोई नहीं है, सर," ती म्हणाली.

मला त्यांनी साधं थँक्यूही म्हटलं नाही. ते मी अजून विसरलेलो नाही. पण त्या दिवसानंतर माझा कोड मी आधी तिला दाखवायचो, आणि ती वाचत असताना शेजारी उभा राहत नसे.