दोन नंबरची टाकी

भानामती, चकवा, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. महागावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय. पण डोळ्यांसमोर घडलं ते घडलं.

माझी सून वैशाली केमिकल इंजिनिअर. गावाबाहेरच्या सोयाबीन तेलाच्या प्लँटमध्ये मेंटेनन्स तिच्याकडे आहे. तेल काढायला तिथे पेट्रोलसारखं भडकणारं सॉल्व्हंट वापरतात — त्याच्या दोन मोठ्या टाक्या. एकदा तिनं मला टाकीच्या माथ्यावरचा व्हेंट दाखवला होता. "आई, टाकीलेही श्वास लागते," म्हणाली. उन्हानं आत वाफ दाटली की व्हेंटची एक झडप उघडून ती बाहेर सोडते. पंपानं सॉल्व्हंट उपसलं की दुसरी झडप हवा आत घेते. ती हवा मिळाली नाही, तर एवढी लोखंडी टाकी पाण्याच्या रिकाम्या बाटलीसारखी चेपते, फाटतेसुद्धा.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीची गोष्ट. सातवा महिना म्हणून वैशाली रजेवर होती. घरी डोहाळजेवण चाललेलं. दुपारी ती हिरव्या साडीत पाटावर बसलेली, शेजारच्या बाया गाणी म्हणत होत्या. मी ओटी भरायला पुढे झाले... आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

"आई, श्वास आत येऊन नाही राह्यला."

चेहरा पांढरा पडलेला. बाळ वर सरकलं असेल म्हणून मी पाठ चोळली, दवाखान्यात न्यायला गाडी काढायला सांगितली. ती मान हलवत राहिली. "हे माह्यं नाही. दोन नंबरची टाकी आहे. फोन द्या."

फोन सलीमभाईंनी उचलला, तिच्या हाताखालचे सुपरवायझर.

"सलीमभाई, दोन नंबरचा पंप चालू आहे काय?"

"हो मॅडम, आत्ताच केला. काहून?"

"बंद करा."

"मॅडम, प्लँट सुरू होऊन राह्यला. साहेब इथंच उभे आहेत. कारण काय सांगू?"

तिला धड बोलवत नव्हतं, पण आवाज डळमळला नाही. "माह्यं नाव सांगा. आधी बंद करा, मंग शिडीवरून व्हेंट पाहा. छतावर कोणी पाय ठेवू नका."

फोन ठेवला. थोड्या वेळानं वैशालीनं एकदम खोल श्वास घेतला. "काढलं वाटते," म्हणाली.

मग फोन वाजला. टाकी रंगवणाऱ्यांनी रंग उडू नये म्हणून व्हेंटवर प्लास्टिक बांधलं होतं आणि सोडायचं विसरले होते. टाकीचा पत्रा वरच्या अंगाला ताटाएवढा आत गेला होता. सलीमभाईंनी प्लास्टिक नुकतंच कापलं होतं. पंप आणखी चालला असता तर... आवारात तेव्हा सगळी पाळी कामावर होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत दम लागतोच. मान्य. पण टाकी दोन नंबरचीच, हे कसं? रंगकाम तर ती रजेवर गेल्यावर ठरलं. मी स्वतः सलीमभाईंना विचारलं. तिला कोणीच कळवलं नव्हतं.

आता व्हेंट पाहिल्याशिवाय तिथे पंप सुरू होत नाही. कामगार त्याला 'मॅडमचा नियम' म्हणतात. नात छान आहे, वैशाली पुन्हा कामावर जाते.

हे लिहितेय म्हटल्यावर ती म्हणाली, "आई, कसं समजलं ते मले मालूम नाही, तसंच लिहा. मधात देव-बिव आणू नका."

तसंच लिहिलंय. मलाही अजून काही उलगडलेलं नाही. फक्त ती माझी सून आहे, याचा अभिमान मधेमधे डोकावला असेल, तर तेवढं चालवून घ्या.