ढोलीतले छर्रे

आमच्या घरात बंदूक सासऱ्यांच्या वेळेपासून होती. ठासणीची, एकनळी. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. परवाना पीकरक्षणाचा, म्हणजे रानडुकरं धानात शिरली तर त्यांना हाकलण्यापुरता. सासरे गेले, परवाना माझ्या नवऱ्याच्या नावावर झाला आणि त्या दिवसापासून हा माणूस मिशीला पीळ देत गावातून हिंडायला लागला. नेम म्हणाल तर ओसरीत बसून समोरचा गोठा चुकेल असा. डुकरांनाही ते ठाऊक असावं, कारण दरवर्षी आमच्या धानाच्या बांध्यांत त्यांचा मुक्काम ठरलेला.

ज्यांनी भरमार पाहिली नाही त्यांना सांगते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि गजाने ठोकून बसवायचं. हा भरलेला बार सहजी परत काढता येत नाही, तो उडवूनच टाकावा लागतो. माझा नवरा रात्री शेतातल्या माळ्यावर बार भरून बसायचा. डुक्कर आलं नाही की सकाळी तोच बार खांद्यावर टाकून घरी यायचा आणि बंदूक खुंटीला अडकवायचा. वर भरलेली बंदूक, खाली आमची दोन पोरं गोट्या खेळताहेत.

"तलावाच्या पाळीवर उडवून या, मंग घरात आना," मी रोज सांगायची.

"दारू काय झाडाले लागते?" हे त्याचं रोजचं उत्तर. "टोपी काढून ठेवली नं मी. टोपीबिगर उडत नाई ते."

टोपी म्हणजे घोड्याखाली बसवायची तांब्याची टिकली. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते आणि बार उडतो. ती काढून तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि मोठा जबाबदार माणूस असल्यासारखा खिशावर थाप मारून दाखवायचा. मी शाळेत पन्नास पोरांना पाढे शिकवत होते, पण घरातल्या या एका विद्यार्थ्यापुढे हात टेकले होते.

त्यात त्या दिवाळीला माझा धाकटा दीर आला आणि त्याने नवीनच पिल्लू सोडलं. तो माजरीकडे कोळसा खाणीत नोकरीला होता. तिकडे म्हणे दिवसाढवळ्या चोऱ्या होत होत्या. माणूस शिफ्टवर गेला की चोर मागच्या दाराने घरात. बाईमाणसाला काही कळायच्या आत डबे रिकामे. हे ऐकून माझा नवरा असा काही ताठ बसला की मी तिथेच कपाळावर हात मारला. आमच्या घरात चोराला नेण्याजोगं काय होतं? हलकं, लवकर निघणारं धान नुकतं माजघरातल्या ढोलीत भरलं होतं. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच ढोली. ती उचलून न्यायची तर चोराला बैलगाडी आणावी लागली असती.

दीर गेल्यावर मी नवऱ्याला समोर बसवलं. म्हटलं, घरात आवाज आला तर आधी हाक द्यायची, कोण आहे ते विचारायचं, आणि कोण ते कळल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. त्याने लगेच मान हलवली. बार उडवून घरी या, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हाक देण्याचं तेवढं पटलं, कारण हाक द्यायला दारू लागत नाही.

आता माझ्या जावेबद्दल सांगायला हवं. दिराची बायको. लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण माझ्या नवऱ्याने तिचा आवाज ऐकलेला नव्हता. नवऱ्याचा मोठा भाऊ तो भासरा, आणि भासऱ्यासमोर आमच्याकडच्या बायका बोलत नाहीत. त्याच्यासमोर खाटेवर बसत नाहीत, डोक्यावरून पदर ढळू देत नाहीत, तो ओसरीत असेल तर पुढच्या दाराने येत नाहीत. भासऱ्यानेही भावसुनेशी थेट बोलायचं नसतं. काही सांगायचं तर हवेत सांगायचं, "पाणी पायजे होतं कोनी आनलं तं." मग ती तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची, म्हणजे पाणी आलं. बाई माझ्याजवळ इतकी बोलकी की चुलीवरचं दूध उतू जाईतो गप्पा. भासऱ्याची खाकर ऐकली की जीभ टाळ्याला. हसायचे मी तिला. ती म्हणायची, "बाई, सवय हाय. आता मोडत नाई."

मंडईचा दिवस आला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री नाटक, आणि नाटकासाठी घराघरांत पाहुणे. कोण येणार हे कुणी कळवत नाही. येणारा येतो, पाय धुतो आणि जागा दिसेल तिथे अंग टाकतो. मला शाळेतून अर्धी सुट्टी होती आणि घरी वडे, पुरणपोळ्या, सगळं करायचं बाकी होतं. पोरं केव्हाच पाळण्यांकडे पळाली होती.

जाऊ सकाळच्या एसटीने एकटीच आली. दिराची पाळी होती, तो संध्याकाळी येणार होता. तिला वाटलं, बाई शाळेतून दमून येईल, तोवर आपण डाळ शिजत घालू. पुढच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. पण ती कशाला पुढून येते? न जाणो ओसरीत भासरा असेल. ती परसातून आली, मागच्या दाराच्या फटीत हात घालून अडसर उचलला, जसा ती नेहमी उचलायची, आणि माजघरात शिरून डाळीचे डबे खाली काढायला लागली.

तेवढ्यात माझा नवरा, त्या दिवशी जरा उशिरानेच, शेतातून आला. उशिरा निघणारं भारी धान अजून बांधीत उभं होतं, त्याची राखण करून. डुक्कर आलं नव्हतं, म्हणजे बार भरलेलाच. ओसरीत पाय ठेवतो तर आत डब्यांचा आवाज, आणि बायको तर शाळेत. दिवसाढवळ्या, मागच्या दाराने, डबे. भावाने सांगितलेलं सगळं जुळलं.

मी त्याच वेळी फाटकात पोचले. त्याची पाठ मला दिसत होती. तो माजघराच्या दारात उभा होता आणि खिशातून काहीतरी काढून बंदुकीवर बसवत होता. टोपी.

"कोन हाये आंदर?" तो ओरडला.

आतले डबे थांबले.

"बोल! नाईतं बार टाकतो!"

आमचं माजघर भरदुपारीही अंधारं. आतून कुणी बोललं नाही. नुसत्या बांगड्या वाजल्या. आधी हळू, मग घाईघाईने, पुन्हा पुन्हा. मला त्या बांगड्या उंबऱ्यावरच्या तांब्यामागून हजारदा ऐकू आल्या होत्या. त्याला वाटलं, चोराच्या हाती बायकोचा दागिना लागला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि बार उडाला.

धूर इतका झाला की मला ना नवरा दिसेना ना दार. मी त्याला ढकलून आत गेले. आधी आवाज आला तो धानाचा. ढोलीला छातीच्या उंचीवर खिंडार पडलं होतं आणि त्यातून धान सरसर जमिनीवर पडत होतं. ढोलीच्या मागे, भिंतीला चिकटून, माझी जाऊ उभी होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, त्याचा बोळा दातांत धरलेला. बार उडाला, ढोली फुटली, तरी बाईच्या तोंडून हूं की चूं नाही. मी तिचे हात पाहिले, पोट पाहिलं, पदर काढून तोंड पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता. सगळे छर्रे धानाने पोटात घेतले होते. आषाढात आमची ढोली तळाला गेलेली असते. हे आषाढात झालं असतं तर? मी तिथेच धानात बसले.

मग मला जो राग आला तो आजही आठवतो.

"बोल्ली काऊन नाई तू?" मी तिला गदगदा हलवलं. "मी आहो म्हनाले काय झालं होतं?"

ती माझ्या कानाशी तोंड आणून, दारातल्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "भाऊजी होते नं बाई. बांगड्या तं वाजवल्या मी."

मला तिला मिठी मारावी की थोबाडीत द्यावी, कळेना. मी मिठी मारली. बाहेर आले तर नवरा ओसरीच्या पायरीवर बसलेला, बंदूक मांडीवर, तोंड पांढरंफटक. एवढं होऊनही पहिलं वाक्य काय, तर "हाक देली होती मी."

"टोपी बसवाले वेळ भेटला," मी म्हटलं, "अन् विचार कराले नाई भेटला? चोर बांगड्या घालून येते का?"

त्याने बंदूक पायरीखाली टाकली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलं. राखणीला ठेवलेलं कुंपणच शेत खायला निघालं होतं, आता कुंपण रडत बसलंय म्हणून मी काय करू? मला कीव आली नाही. खोटं कशाला बोलू.

आवाज ऐकून मंडईतली माणसं धावत आली. पुरुषमंडळी ढोलीभोवती जमली. छर्रे कोणत्या नंबरचे होते, दारू जास्त पडली का, ढोली नवी विणायची की ठिगळ लावायचं, यावर अर्धा तास चर्चा. एक म्हातारा तर आमच्या नवऱ्याला म्हणाला, "नेम बराच सुधारला गा तुया." ढोलीच्या मागे कोण उभं होतं, तिचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. बायकांनी विचारलं, पण त्यांचाही सूर वेगळा. भासऱ्याच्या बंदुकीसमोरही बाईने मर्यादा सोडली नाही, असं एकीने कौतुकाने म्हटलं. मी तिला हात जोडून दाराबाहेर काढलं.

संध्याकाळी दीर आला. त्याने सगळं ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "मांगच्या दारानं काऊन गेली तू?" बस्स. भरदिवसा मागच्या दाराने येणाऱ्या चोरांची कहाणी ज्याने आमच्या घरात पेरली, तोच हे विचारत होता. मी त्या दोन्ही भावांना ऐकू जाईल असं म्हटलं, की या घरात बायकांना मरायला पुढचं दार चालत नाही, मागचंही चालत नाही, मग कुठून यायचं ते एकदा ठरवून सांगा. पाहुणे आले होते. वडे तळावे लागले. जाऊ तळायला बसली. मी झारा तिच्या हातातून घेतला आणि तिला पाटावर नुसतं बसवून ठेवलं.

पुढे निवडणूक लागली तेव्हा सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. नवऱ्याने आमची नेऊन दिली. निवडणूक झाली, बाकीच्यांनी आपापल्या आणल्या, हा गेला नाही. मीही आठवण केली नाही. डुकरं राखायला तो टिनाचा डबा आणि काठी घेऊन माळ्यावर जायला लागला. धान काही कमी झालं नाही, आधी जेवढं डुकरं खायची तेवढंच खात राहिली.

त्या ढोलीतलं धान आम्ही वर्षभर खाल्लं. गिरणीतून आलेले तांदूळ निवडताना सुपात काळे मणी सापडायचे. कुणाच्या दाताखाली येऊ नयेत म्हणून मी डोळ्यांत तेल घालून निवडायची. सापडलेला प्रत्येक छर्रा मी नवऱ्याच्या ताटात मिठाशेजारी वाढायची. तो उचलायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा, जिथे आधी टोपी असायची.

जाऊ पुढे बरेच महिने आली नाही. आली ती पुढच्या मंडईला. मी ताटं वाढली होती आणि नवरा माजघरात जेवायला बसला होता. मागच्या दाराचा अडसर हलला नाही. दाराबाहेर कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं, मग बांगड्या वाजल्या. नवऱ्याचा घास हातातच थांबला. मी उठणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. जाडसर, जरा फाटलेला, कुणी विहिरीवरून ओरडावं तेवढा मोठा.

"भाऊजी, मी आहो!"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तो तिच्याशी कधी बोललाच नव्हता, आता काय म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"द्या नं आता हाक," मी म्हटलं. "त्या दिवशी तं लय मोठी देली होती."

त्याने घास ताटात ठेवला. उष्टा हात तसाच घेऊन उठला, मागच्या दाराशी गेला, आपल्या हाताने अडसर काढला आणि म्हणाला, "ये वो बाई."