मामंजींचं धुराडं

आमच्या चौसाळ्याच्या घरात मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात लागला नाही अशी वस्तू नव्हती, आणि हात लागल्यावर पूर्वीसारखी राहिली अशीही नव्हती. निजामी अमलात बीडच्या कचेरीत त्यांनी उभी हयात घालवली. तिथे भिंतीला खिळा मारायचा तरी वरून हुकूम यावा लागे. घरी परतल्यावर मात्र हुकूम देणारे तेच आणि खिळा मारणारेही तेच. दार सारखं उघडं राहतं, असं कुणी नुसतं पुटपुटलं की "बंदोबस्त करतो" म्हणत ते उठलेच. दाराला त्यांनी दोरीने वरवंटा टांगला. दार आपोआप लागू लागलं, पण इतक्या त्वेषाने की परळीहून आलेले माझे वडील आत आले आणि त्यांचं पागोटं बाहेरच राहिलं. माझ्या तान्ह्याचा पाळणा त्यांनी जात्याच्या खुंट्याला दोरीने जोडला. मी दळू लागले की पाळणा हले. मात्र जातं थांबलं की पोर किंचाळे, म्हणून ज्वारी संपली तरी मी आपली रिकामंच जातं ओढतेय. मामंजी खुशीत म्हणाले, "बघ, एका हातानं दोन कामं!"

धुराड्याची गोष्ट वेगळी. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, डोळे अधू होत चालले होते. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. हा सगळा धुराचा प्रताप, असं मामंजींच्या मनानं घेतलं आणि ते पहार घेऊन माळवदावर चढले. त्यांना मातीचं धडधाकट छत फोडताना बघून त्यांचे थोरले बंधू अंगणातून ओरडले, "कामून घर पाडतो रे? पाऊस आत यील!"

"येऊ दे. त्याचाबी बंदोबस्त करतो."

पाऊस आला, तो नेमका चुलीवर. भाकरी कच्च्या राहिल्या. मग मामंजींनी भोकावर बूड फोडलेली घागर बसवली, तर वाऱ्यानं सगळा धूर माजघरात लोटला. आम्ही खोकत खोकत हसलो. ते हसले नाहीत. कुंभाराकडून आणखी घागरी आणून, बुडं फोडून, एकीवर एक रचून, चिखलानं लिंपून त्यांनी असा उंच नळ उभारला की गावातली माणसं त्याला मिनार म्हणू लागली. आणि एका सकाळी धूर निमूटपणे वर गेला. मामंजी धापा टाकत खाली आले.

"आता दिसतं का?"

"लई लख्ख दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी बाहेर जाताच त्यांनी मला जवळ ओढलं. "धुकं हाय तसंच हाय गं. त्यांना सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मामंजी उंबऱ्यात उभे राहून आत्याबाईंचा तवा चाचपणारा हात बघत होते. दुपारी ते एक लांब बांबू घेऊन आले आणि चुलीपासून परसदारापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर ठोकू लागले.

"हे आणिक कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"घर म्हातारं झालंय. त्याला आधार पायजे."

आत्याबाईंनी बांबूवर हात ठेवला आणि तो न सोडता सावकाश परसापर्यंत गेल्या. मामंजी हातोडी खाली ठेवून बघत राहिले. कसं झालंय, हे त्यांनी त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही.