मीठ बोलायचं थांबेपर्यंत

त्या वर्षीचं लोणचं माझ्यामुळे नासलं, वहिनीमुळे नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, कुळगावातल्या आमच्या घरातली. पण आधी मिठाबद्दल सांगतो, म्हणजे चूक केवढी होती ते कळेल. आणि खरं सांगायचं तर एरवी मी घुमा माणूस. मिठावर मात्र तासभर बोलेन.

आईचं माहेर खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. आता तिथे इमारती उभ्या आहेत, पण आईची ऐट काही गेली नाही. घरात मीठ चार प्रकारचं. आमटी-भाजीला बारीक. उपासाच्या भगरीला सैंधव. ताकाला पादेलोण, म्हणजे काळं मीठ. नुसतं हुंगलं तर नाक मुरडावं, पण ताकात पडलं की दुसरा पेला मागावा. आणि मासळीला चोळायला, लोणच्याला, मामाकडून पोत्यानं यायचं ते करड्या खड्यांचं जाडं मीठ. पुडीतलं बारीक मीठ आई लोणच्याच्या आसपास येऊ द्यायची नाही. "ते पीठ हाय, मीठ नाय," म्हणायची.

जाडं मीठ हवेतला ओलावा धरतं. म्हणून लोणच्यात घालण्याआधी कोरड्या कढईत भाजायचं. तापलं की खडे तडतडतात, अंगावर उडतात. ओल गेली की गप्प होतात. आईचा नियम एवढाच: "मीठ बोलाचं थांबलं का मंगच उतरव."

भाजायचं काम माझं. भाऊ अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायचा, मी पदवी घेऊन घरी बसलेलो. वहिनी आदल्या वर्षीच लग्न होऊन आली होती, घाटावरची. आई तिला टोचायची, "घाटावरच्या पोरींना मिठातलं काय कलतं?" वहिनी एकदा हसून म्हणाली, "आमच्याकडं मीठ दुकानात मिळतं, आई." त्या दिवशी आईलाही हसू आवरलं नव्हतं.

लोणचं घालायच्या दिवशी वहिनीची पाळी होती. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ती मागच्या दाराबाहेर बसून होती. आई पडवीत कैऱ्या चिरत होती. मी गॅसपाशी. हेंद्रेपाड्याला टेनिस बॉलची मॅच होती आणि पहिली ओव्हर माझी. दोस्त रस्त्यावरून बाइकचा हॉर्न मारत ओरडला, "अबे चल ना, टॉस झाला!"

कढईतलं मीठ अजून बोलत होतं. मी गॅस बंद केला.

"थांबलं का रं?" आईनं पडवीतून विचारलं.

"थांबलं."

मीठ कागदावर पसरलं, पंख्याखाली जरा धरलं आणि परातीत लोटलं. काही खडे कागदाला चिकटून राहिले. ते मी पाहिलं. हातानं खरवडून तेही टाकले. त्या दिवशी मी तीन विकेट घेतल्या.

तीन आठवड्यांनी आईनं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. वर पांढरी बुरशी, आंबूस वास. वर्षाचं लोणचं. शेजारची काकू आलीच होती. "कोनी हात लावला व्हता का?" तिनं विचारलं.

आईनं वहिनीकडे पाहिलं. "तुझे दिस व्हते ना गो तवा?"

"होते. म्हणून तर आत पाऊल टाकलं नाही, आई. बरणी पाहिलीसुद्धा नाही मी."

"मंग काय बरनी आपआप नासली?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या दारापासून गॅसची शेगडी चार हातांवर. मीठ बोलत असताना कढई उतरली, हे तिला ऐकू गेलंच असणार. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही. मी पाणी प्यायला उठलो.

तेव्हापासून आमच्या घरात लोणच्याच्या बरणीला वहिनीचा हात लागलेला नाही. महिन्याच्या कुठल्याच दिवशी.

आज उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं लोणच्या-मसाल्याचं दुकान आहे. सांगायला संकोच वाटत नाही, माझ्या दुकानातलं मीठ बघायला लोक येतात. चिमटीत धरून मी त्याची ओल सांगतो. समोरच्या गल्लीतल्या सिंधी आजी पापडाचं मीठ माझ्याशिवाय कुणाकडून घेत नाहीत. मागे एकदा मला डोळ्यांत तेल घालून भाजताना पाहून म्हणाल्या, "बेटा, नमक भून रहा है कि बच्चे को बुखार है?" चार बायका कामाला आहेत. त्यांचे दिवस मी विचारत नाही, त्या महिनाभर बरण्या भरतात. एकही बरणी नासलेली नाही. मीठ मी स्वतः भाजतो, अगदी गप्प होईपर्यंत.

पण चव? ती वहिनीची. दर घाण्याचा कालवलेला खार मी बशीत घालून घरी नेतो. ती बोट लावते, डोळे मिटते. "अजून मूठभर. जाडंच." बस्स. आमच्या घरात पानावर बसून कुणी मीठ मागितल्याचं मला आठवत नाही, इतका तिचा हात बसलेला आहे. मिठागरवाल्यांच्या घरात मिठातलं सगळ्यांत जास्त घाटावरच्या बाईला कळतं, याचा मला माझ्या दुकानापेक्षा जास्त अभिमान आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हात कुणाचा?" मी म्हणतो, "आईचा."

यंदा आईचे हात थरथरायला लागले. गेल्या रविवारी कैऱ्या आल्या, मसाला झाला, आणि आईच्या हातातून पळी दोनदा निसटली. "बरनी कोन भरल आता?" ती म्हणाली. वहिनी परातीशेजारीच बसली होती. आपणहून उठली, हात पदराखाली घेतले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिला कुणी सांगावं लागलं नाही. बरणी माझ्या बायकोनं भरायला घेतली. मी तिथेच होतो. पुन्हा गप्प.

बरणी अजून अर्धीच भरली आहे. उरलेल्या कैऱ्या या रविवारी येतील. आई, भाऊ, सगळे घरात असतील. मीठ मी ओलं उतरवलं होतं आणि आईशी खोटं बोललो होतो, हे सगळ्यांदेखत सांगून पळी वहिनीच्या हातात द्यायची आहे. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.