पूजा केलेली रॅम

"माझंच काहीतरी चुकलं असंल, ताई."

हे म्हणताना काका उजव्या हाताची बोटं पँटला पुसायचे. बोटं स्वच्छ असली तरी. सगळं आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात गेलेला माणूस; हाताला तेल असणारच हे धरून चालायचा, आणि दोष आपला असणारच हेही.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर "सॉरी" हाच म्हणतो. सगळ्या गल्लीचं पाणी गेलं तरी हा आधी स्वतःचा नळ उघडून बघतो. आपण अशा माणसाला सज्जन म्हणतो. मी कामगारांची पत्रकं लिहिते आणि कारखान्यांच्या गेटवर वाटते, आणि मला या सज्जनपणाचा मनापासून राग आहे. तो कायम दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचा असतो.

काका सिडकोत आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. मूळ गाव हरसूलच्या पलीकडे. नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. त्या कारखान्याने जुने लेथ काढले, संगणकावर चालणारी यंत्रं आणली आणि नोटीस लावली: जुन्या ऑपरेटरांची परीक्षा होईल. यंत्राला द्यायचा प्रोग्रॅम संगणकावर तयार करून दाखवायचा. जमला तर राहा, नाहीतर राजीनामा द्या. शिकवणार कोण? कोणीच नाही. ज्याचं त्याने घरी शिकायचं, आपल्या खर्चाने, आपल्या झोपेतून.

काका शिकायला बसले. एक जुना कॉम्प्युटर आणला. पण सरावाचं सॉफ्टवेअर त्याला पेलेना. उघडता उघडता मशीन गोठायचं. दुकानदार म्हणाला, रॅम वाढवा. म्हणजे मेमरीची पाचेक इंचांची एक पट्टी आत आणखी बसवायची. काकांनी ती आणली आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतः बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी आमचं दार वाजवलं. "पोरी, चल गं जरा. त्या डब्यानं मान टाकली, अन् यांनी पण."

जाऊन पाहते तर कॉम्प्युटर पाटावर. त्याला झेंडूची माळ. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, तीन वेळा टूं टूं टूं व्हायचं, आणि पडदा काळाच.

"काका, पट्टी बसवताना नेमकं काय केलंत?"

"पूजा केली."

"पूजेच्या आधी?"

"आंघोळ."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. कारखान्यात दर दसऱ्याला लेथची पूजा तेच करायचे. हळदकुंकू, अक्षता, नारळ. हत्यार घरी आलं तर त्याची पूजा नको? म्हणून नव्या पट्टीलाही त्यांनी अनामिकेने कुंकवाचा ठिपका लावला होता.

"ते कुंकूच नडलं, ताई."

"कुंकवानं मशीन मरतं होय?" काकू मोरीतून म्हणाल्या. "मी एवढी वर्षं लावतेय. मला नाय काही झालं ते!"

बिघाड शोधायची रीत साधी आहे. सगळ्यात शेवटी जे बदललं, ते आधी काढायचं. मी नवी पट्टी काढली, जुनीच ठेवली. मशीन सुरू झालं. जुनी काढून फक्त नवी लावली, टूं टूं टूं. जागा बदलली, तेच. तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, तेच. कुंकू दातांवर नव्हतंच, ते वरच्या कागदी लेबलवर होतं. मग मी ती आमच्या संघटनेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. तिथेही काळोख. पट्टी दुकानातूनच मेलेली आली होती. काकांचा यात काडीचा दोष नव्हता.

हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांनी मान हलवली आणि बोटं पँटला पुसली.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने पट्टी उजेडात धरली, ठिपका पाहिला आणि परत काउंटरवर ठेवली. "काका, हे काय लावलंय? वॉरंटी संपली."

त्याच्या मागे त्याचा स्वतःचा बिलांचा कॉम्प्युटर चालू होता. पडद्याच्या कडेला ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक, वर वाळलेला झेंडू.

मी म्हटलं, "तो कसा चालतो मग?"

"मॅडम, तो माझा आहे."

आता सांगा, याला उत्तर काय? मी आवाज चढवला. ग्राहक वळून बघायला लागले, दुकानदार जरा नरमही झाला. आणि नेमक्या त्याच वेळी काका पुढे झाले, हात जोडून. "जाऊ द्या शेठ. यांचं मनावर घेऊ नका. माझंच चुकलं असंल."

दुकानदाराने तेवढं वाक्य झेललं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रस्त्यात मी चिडून म्हटलं, वर्गणी काढून दुसरी घेऊ. ते म्हणाले, "मी बिघडवली अन् तुम्ही का भराल?" मग म्हटलं, आमच्या ऑफिसात बसून सराव करा. ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिथं नको, ताई. कोणी बघितलं तर पेपर द्यायच्या आधीच नापास करतील." हे मात्र त्यांचं खरं होतं. अंबडला संघटनेची पायरी कोण चढतं, यावर कोणाचं ना कोणाचं लक्ष असतंच.

मग ते जुन्या पट्टीवरच बसायचे. पडद्यावर चक्र गरगरत राहायचं आणि काका त्यासमोर कळा दाबल्यासारखी बोटं हलवत बसायचे, बटणांना न टेकवता. काकू चहा ठेवून जायच्या. तो गार व्हायचा.

"माझंच चुकलं असंल" हे वाक्य काकांनी आईच्या पोटातून आणलं नव्हतं. ते त्यांना कारखान्यात घडवून दिलं गेलं. पीस रिजेक्ट झाला की लोखंड हलकं होतं का, टूल झिजलं होतं का, कोणी बघत नाही. ऑपरेटरला बोलावतात, "तुझंच चुकलं ना?" विचारतात, आणि हो म्हणेपर्यंत उभा ठेवतात. अशी वर्षं गेली की विचारावंही लागत नाही. माणूस स्वतःच येऊन सांगतो. एवढी सोय कोणत्या यंत्रात आहे?

परीक्षेचं मला त्यांच्या खात्यातल्या एकाने सांगितलं. हॉलमध्ये ओळीने कॉम्प्युटर मांडले होते. काकांच्या समोरचा सुरूच झाला नाही. आणखी दोघांचेही झाले नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला, त्यांना जागा बदलून मिळाली. काकांनी एकदा वाकून टेबलाखालची वायर दाबून पाहिली. मग काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले. वेळ संपली. साहेब आले.

"काय हो, काहीच केलं नाही?"

"माझाच हात लागला असंल कुठं, साहेब."

साहेबाने पुढच्या टेबलाकडे पाऊल टाकलं.

मी तडक त्यांच्या घरी गेले. "हात वर करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मशीन बंद हाय म्हणलो असतो, तर त्यांना वाटलं असतं, याला येत नाय म्हणून बहाणा करतोय."

"आणि आता काय वाटलं?"

त्यांनी बोटं पँटला पुसली. काकू म्हणाल्या, "विचार, अजून विचार. मी विचारून थकले."

"मी पत्रक काढते. तुमच्या नावानिशी."

"नाव नका टाकू. साहेबांनी बसायला तर दिलं ना परीक्षेला."

पत्रक निघालं, नावाशिवाय. बिननावाच्या माणसासाठी कोण गेटवर उभं राहतं? लोकांनी घेतलं, घडी केली, खिशात घातलं. काकांनी राजीनामा दिला.

ते गावी निघाले त्या दिवशी मी मदतीला गेले. सामान टेम्पोत चढलं होतं. रिकाम्या खोलीत काका स्टुलावर उभे होते, हातात टूथपेस्ट. भिंतीतल्या खिळ्यांची भोकं ते एकेक करून बुजवत होते आणि वरून अंगठ्याने सपाट करत होते.

"अहो, ती खिडकीजवळची आपली नाहीत," काकू दारातून ओरडल्या. "आपण यायच्या आधीपासून होती ती!"

काकांनी ट्यूब पिळली. खिडकीजवळचीही बुजवली.